परदेशी विद्यापीठात इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण: इथियोपियात एक सत्र कसं आखायचं

चूक बहुतेक वेळा अशी होते. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून गेलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात विभागप्रमुख म्हणतात, "आमच्या शिक्षकांसाठीही एखादी कार्यशाळा घ्या ना." तो लगेच हो म्हणतो. शनिवारी चाळीस जणांपुढे अध्यापनपद्धतींवर तीन तास बोलतो, प्रमाणपत्रं वाटतो, फोटो काढतो. सोमवारी त्या चाळीस जणांच्या वर्गात शुक्रवारसारखाच तास होतो.

कार्यशाळा वाईट होती म्हणून असं होत नाही. तिच्या आधीचं काम झालेलं नसतं आणि नंतरचं कुणी ठरवलेलं नसतं. खालचा क्रम इथियोपियातल्या सरकारी विद्यापीठांसाठी आहे. तिथे विद्यापीठातलं जवळजवळ सगळं शिक्षण इंग्रजीतून होतं आणि पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश' दोन्ही सत्रांत असतं. भारतातून प्राध्यापक म्हणून जाणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा हाच विषय येतो. सत्र 16 आठवड्यांचं आणि तास 50 मिनिटांचा धरला आहे. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील तर त्या मापात बदला, पण टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## निघण्यापूर्वी

पदव्यांच्या साक्षांकनापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. नुसतं अपोस्टिल (आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण) चालेल की दूतावासाचा शिक्काही लागेल, हे दलालाला न विचारता दिल्लीतल्या इथियोपियाच्या दूतावासाकडून आणि तुमच्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. पदवीपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, लग्नाआधीचं एक आणि नंतरचं दुसरं, हे सर्रास असतं. जुळत नसेल तर इथेच प्रतिज्ञापत्र करून त्याचंही साक्षांकन करून घ्या.

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस जाण्याआधी किमान 10 दिवस घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. हे कार्ड भारतात परत येताना लागतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. सुट्टीत तुम्हाला भेटायला येणाऱ्या घरच्यांनाही हा नियम लागू आहे, आणि नेमके तेच विसरतात.

शैक्षणिक सामान म्हणून जाड मार्कर, रंगीत खडू, चिकटपट्टी, दोन पेन ड्राइव्ह आणि एक साधं टायमर घड्याळ घ्या. प्रोजेक्टरवर विसंबून तास आखू नका. वीज जाते, इंटरनेट अनेक दिवस बंद राहू शकतं, आणि विभागाचा कागदाचा कोटा महिनाअखेरीआधी संपतो. प्रत्येक कृती खडू-फळ्यावर होईल अशीच लिहून न्या.

आणखी एक तयारी घरीच होते. स्वतःचं पाच मिनिटांचं इंग्रजी बोलणं रेकॉर्ड करून ऐका. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बंडी, हे आपल्या 'व'मधून कळत नाही. आकडे लाख-कोटीत सांगू नका. वेग कमी ठेवा आणि महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिहा. पहिले दोन आठवडे समोरच्या शिक्षकांचे कान तुमच्या उच्चारांना सरावलेले नसतात, आणि आदरापोटी ते तसं सांगणार नाहीत.

## टप्पा 1: घड्याळ, तारीख आणि नावं (आठवडा 1)

इथियोपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे 8 म्हणजे तिथले 2, आपले दुपारचे 12 म्हणजे तिथले 6. वेळापत्रक इंग्रजीत छापलेलं असलं तरी आकडे स्थानिक असू शकतात. म्हणून कुणी वेळ सांगितली की दर वेळी विचारा, "स्थानिक वेळ का?" आणि डायरीत दोन्ही आकडे लिहा.

कॅलेंडरही वेगळं आहे. 30 दिवसांचे 12 महिने आणि 5 किंवा 6 दिवसांचा तेरावा. वर्ष 11 सप्टेंबरला सुरू होतं (काही वर्षी 12ला) आणि वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा 7 किंवा 8नं मागे असतो. 11 सप्टेंबर 2024 हा दिवस तिथे 2017 सालच्या मेस्केरेम महिन्याची पहिली तारीख होता. करारपत्र, रजा आणि परीक्षेच्या तारखा कोणत्या कॅलेंडरच्या आहेत हे विचारल्याशिवाय सही करू नका.

नावांचा घोळ सगळ्यात जास्त मनाला लागतो. इथियोपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. यादीत 'अबेबे केबेदे' असेल तर हाक अबेबेला मारायची. डॉक्टरेट असेल तर 'डॉ. अबेबे'. 'डॉ. केबेदे' म्हटलंत तर तुम्ही त्यांच्या वडिलांना हाक मारली. हजेरी पहिल्या नावाच्या क्रमानं लावा.

तपासा: पहिल्या आठवड्याच्या शेवटी विभागातल्या प्रत्येक शिक्षकाचं नाव न बघता म्हणता येतं का? येत नसेल तर पुढच्या टप्प्याला हात घालू नका. ज्याचं नाव तुम्हाला येत नाही, त्याच्या वर्गात बसायची परवानगी मागणं त्याला तपासणीसारखं वाटतं.

## टप्पा 2: वर्ग पाहणं (आठवडे 2 ते 4)

किमान 6 शिक्षकांचा प्रत्येकी एक तास पाहा, जमल्यास त्यातल्या तिघांचा पुन्हा. विभागप्रमुखांच्या आदेशानं जाऊ नका. त्या शिक्षकाला आदल्या दिवशी स्वतः भेटून विचारा आणि कारण खरं सांगा: "मला याच विषयाची एक तुकडी मिळाली आहे, तुमचे विद्यार्थी कसे शिकतात ते बघायचंय."

मागच्या बाकावर बसा. कागदावर 25 चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे 2 मिनिटं. त्या वेळात मुख्यतः काय चाललं होतं ते एका अक्षरात भरा: शिक्षक बोलतोय तर 'शि', एक विद्यार्थी बोलतोय तर 'वि', जोडीत काम असेल तर 'जो', लिहिणं-उतरवणं असेल तर 'ले', वाचनाची शांतता असेल तर 'वा'. दर्जाबद्दल एकही विशेषण लिहू नका. हा कागद कुणाच्या हाती पडला तरी त्यात अपमान वाटेल असं काही सापडू नये.

तास संपल्यावर पुढच्या, मधल्या आणि शेवटच्या बाकावरच्या एकेका विद्यार्थ्याची वही परवानगी घेऊन बघा. तिन्ही वह्यांत फळा जसाच्या तसा उतरलेला असेल आणि स्वतःचं एकही वाक्य नसेल, तर प्रशिक्षणाचा पहिला विषय तुम्हाला सापडला. शेवटच्या वहीत फळ्यावरचे शब्द चुकीचे उतरलेले असतील तर आधी फलकलेखनाकडे बघा, अक्षर तिथपर्यंत दिसत नसेल.

दोन गोष्टींनी गैरसमज होतो. एक, बोलता बोलता समोरचा झटकन श्वास आत ओढल्यासारखा आवाज करतो. तो दचकलेला नसतो, 'हो, बरोबर' म्हणत असतो. दुसरी, प्रश्न विचारल्यावर विद्यार्थी गप्प राहतात. अम्हारिक आणि ओरोमो या दोन्ही भाषांत मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे इंग्रजी वाक्य जुळवायला डोक्यात सगळा क्रम फिरवावा लागतो. शिक्षक एका सेकंदात दुसऱ्याला विचारतो आणि पहिल्याचं जुळत आलेलं वाक्य मोडतं. किती सेकंद थांबलं गेलं, हेही कागदाच्या कोपऱ्यात टिपा.

इशारा: या तीन आठवड्यांत सल्ला देऊ नका, मागितला तरीही. "अजून दोन-तीन वर्ग बघू द्या" इतकंच म्हणा. पहिल्याच वर्गानंतर दिलेला सल्ला संध्याकाळपर्यंत विभागभर होतो आणि उरलेली दारं बंद होतात.

## टप्पा 3: आधी आपला वर्ग उघडायचा (आठवडे 4 ते 6)

हा टप्पा लोक गाळतात, आणि पुढचं सगळं यावरच उभं असतं. स्थानिक शिक्षकांना तुमची जोडीत-गटात काम करून घ्यायची पद्धत पुस्तकातून आधीच माहीत असते. अनेकांचं एम.ए. झालेलं असतं, काहींची पीएच.डी. त्यांचा खरा प्रश्न एवढाच असतो, की 60 विद्यार्थी, जमिनीला घट्ट बसवलेले बाक आणि अर्धीच मॉड्यूलं (विषयाच्या छापील पुस्तिका) असताना हे होतं का?

म्हणून तीच खोली, तोच विद्यार्थ्यांचा आकडा आणि तेच मॉड्यूल घ्या. निवडक 25 जणांचा वर्ग दाखवलात तर सहकारी नम्रपणे मान हलवतील आणि विषय तिथेच संपेल.

नमुन्यादाखल वाचनाचा एक पाठ जवळून बघू. मॉड्यूलमध्ये मातीच्या धुपेवर दीड पानाचा उतारा आहे असं समजा. नेहमीचा तास असा होतो: शिक्षक उतारा मोठ्यानं वाचतो, कठीण शब्दांचे अर्थ देतो, खालचे प्रश्न स्वतःच सोडवतो. तोच उतारा असा घ्या:

1. फळ्याचे तीन उभे भाग करा. डावीकडे फक्त शीर्षक लिहा. पुस्तकं बंद. "या उताऱ्यात कोणते पाच शब्द येतील?" जोडीत 3 मिनिटं. पुढून-मागून 8 शब्द घेऊन डाव्या भागात लिहा.
2. मधल्या भागात दोनच प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं उताऱ्यात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. मग पुस्तकं उघडा. मूक वाचन, 7 मिनिटं. मॉड्यूल तिघांत एक असेल तर बाकावरच्या मधल्याच्या पुढ्यात ठेवा.
3. शेजाऱ्याशी उत्तरं ताडून बघा आणि ज्या ओळीत उत्तर सापडलं तिच्यावर बोट ठेवा. 5 मिनिटं. तुम्ही फिरायचं, ते मागच्या बाकापासून पुढे.
4. पुढच्या बाकानं मागे वळायचं, सहा जणांचा गट होतो. तपशिलाचे चार प्रश्न, 12 मिनिटं.
5. उत्तरं वर्गात घ्या. शब्दार्थ आता, आणि अडलेले सहा-सात शब्दच. ते उजव्या भागात, वाक्यासह. 10 मिनिटं.
6. प्रत्येकानं आपल्या गावातल्या जमिनीबद्दल तीन वाक्यं वहीत लिहायची. 8 मिनिटं.

एकूण 45 मिनिटं झाली. उरलेली 5 हजेरीला आणि सूचनांना जातात, ती धरली नाहीत तर सहावी पायरी दर वेळी गळते. आणि विद्यार्थ्यानं स्वतः काही लिहायची जागा तीच एक असते.

सूचना देण्याचा क्रम पाळा: काय करायचं, कुणाबरोबर, किती मिनिटं, आणि मगच "सुरू करा". "समजलं का?" विचारलं की वर्गभर "येस" येतं आणि कुणालाच काही समजलेलं नसतं. त्याऐवजी "किती मिनिटं?", "लिहायचं की बोलायचं?" असं विचारा.

पाहायला येणाऱ्या शिक्षकाच्या हाती एक पानाचं टाचण द्या आणि त्यावर एकच प्रश्न लिहा: "तिसऱ्या पायरीत मागच्या दोन बाकांवर काय चाललं होतं?" तास फसला तर तसं स्पष्ट म्हणा आणि कुठे फसला ते त्यांनाच विचारा. फसलेला तास दाखवायलाही लाजू नका. तुमच्यासमोर स्वतःचा पाठ घ्यायची तयारी त्यातूनच येते.

## टप्पा 4: पत्र, भत्ता, दिवस (आठवडा 7)

हा आठवडा मध्यसत्र परीक्षेचा असतो. वर्ग थंडावलेले असतात, कागदपत्रं याच वेळी उरका.

- विषय तीनपेक्षा जास्त नको. टप्पा 2 मधल्या कागदांवरूनच निवडा.
- डीनच्या कार्यालयातून जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेलं पत्र घ्या. शिक्का नसलेल्या पत्रावर खोलीची किल्लीसुद्धा मिळत नाही.
- दुसऱ्या आवारातून शिक्षक येणार असतील तर दैनिक भत्ता आणि प्रवासखर्च कोण देणार, हे पत्रातच लिहिलेलं हवं. स्वतः तोंडी कबूल करू नका. भत्त्याबद्दल विचारणाऱ्याला लोभी समजू नका. तिथल्या पगारात दिवसभराचा प्रवास हा मोठा खर्च आहे.
- शुक्रवारची दुपार टाळा. नमाजामुळे दुपारची सुट्टी मोठी असते.
- बुधवार आणि शुक्रवार हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासाचे वार. मांस, दूध, लोणी, अंडी चालत नाहीत, केकसुद्धा नाही. ईस्टरआधीचा मोठा उपास 55 दिवस चालतो. बिनदुधाचा चहा, केळी आणि 'कोलो' म्हणजे भाजलेलं धान्य ठेवा, बहुतेकांना चालतं. रमजानमध्ये चहाची सुट्टी ठेवू नका, सत्रच लवकर संपवा.

पत्रात 'ट्रेनिंग' हा शब्द टाळता आला तर बरं. 15 वर्षं शिकवलेल्या माणसाला 'ट्रेनी' म्हणून बोलावलं, की तो येतो, पण मागे बसून मोबाइल बघतो.

विद्यापीठात इंग्रजी सुधारणा केंद्र असेल तर सत्रं तिथेच घ्या. साहित्य ठेवायला कपाट मिळतं, आणि तुम्ही गेल्यावरही ती जागा राहते.

## टप्पा 5: आठवड्याला एक सत्र (आठवडे 8 ते 10)

दिवसभराच्या एका कार्यशाळेपेक्षा 90 मिनिटांची तीन सत्रं घ्या, कारण दोन सत्रांच्या मध्ये वर्गात करून बघायला आठवडा मिळतो. रचना अशी:

10 मिनिटं, गेल्या आठवड्यात काय करून बघितलं. 20 मिनिटं, तुम्ही कृती घेता आणि शिक्षक विद्यार्थी होतात. 10 मिनिटं, आत्ता काय काय झालं त्याचे टप्पे शिक्षकच फळ्यावर मांडतात. 35 मिनिटं, आपापल्या मॉड्यूलचं पुढच्या आठवड्याचं पान घेऊन जोडीत टाचण लिहिणं. 15 मिनिटं, टाचणांची अदलाबदल.

सगळ्यात मोठा वेळ 35 मिनिटांच्या कामाला आहे आणि उशीर झाला की तोच कापला जातो. कापायचंच असेल तर तुमचं बोलणं कापा.

इशारा: शिक्षकाचं इंग्रजी चारचौघांत दुरुस्त करू नका. 'थिंक'मधला पहिला आवाज अम्हारिकमध्ये नाही, तसा तो मराठीतही नाही. आपण तिथे 'थ' ठेवून वेळ निभावतो, ते 'स' किंवा 'ट' ठेवतात. उच्चारांपासून सुरुवात केलीत तर पहिला अर्धा तास सगळे तोंड मिटून बसतील.

## टप्पा 6: सूक्ष्म अध्यापन (आठवडे 11 आणि 12)

सूक्ष्म अध्यापन म्हणजे सहकाऱ्यांपुढे घेतलेला छोटा पाठ आणि त्यावर चर्चा. इथे गणित चुकतं. एका शिक्षकाचा पाठ 15 मिनिटं आणि चर्चा 10, म्हणजे 25 मिनिटं. 24 शिक्षक एकाच खोलीत बसवलेत तर 600 मिनिटं, म्हणजे पूर्ण 10 तास लागतात. शेवटच्या दहा जणांना वेळच मिळत नाही, आणि गरज बहुधा त्यांनाच असते.

सहा-सहाचे चार गट करा. प्रत्येक गटाला 150 मिनिटं लागतात. ती दोन आठवड्यांत वाटली तर एका बैठकीला 75 मिनिटं आणि तीन पाठ होतात. चार गटांना चार सूत्रधार लागतात. तुमच्या वर्गात पुन्हा पुन्हा आलेले आणि प्रश्न विचारणारे चार शिक्षक आता निवडा. ज्येष्ठता बघून निवडू नका, पण निवड जाहीर करण्याआधी ज्येष्ठांना एकेकट्याला जाऊन सांगा.

चर्चेचा क्रम ठरलेला हवा:

1. पाठ घेणारा आधी बोलेल: काय जमलं, काय निसटलं.
2. बघणारे फक्त दिसलेलं सांगतील. "प्रश्नानंतर दोन सेकंद थांबलात" हे चालेल, "छान झालं" चालणार नाही.
3. बदलायची एकच गोष्ट पाठ घेणारा स्वतः निवडेल.
4. ती कोणत्या वर्गात, कोणत्या तारखेला करून बघणार, ते लिहायचं.

काही नाजूक सांगायचं असेल तर त्याच दिवशी, एकट्याला, कॉफीवर सांगा. घरी बोलावून कॉफीचा विधी केला तर तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीनंतर उठू नका, आणि विषय दुसऱ्या फेरीच्या आधी काढू नका.

तपासा: बाराव्या आठवड्याअखेर प्रत्येकाच्या नावापुढे चौथ्या मुद्द्याची तारीख लिहिलेली आहे का?

## टप्पा 7: परीक्षेचा एक प्रश्न बदलणं (आठवडा 13)

सत्रान्त परीक्षेत फक्त रिकाम्या जागा आणि बहुपर्यायी व्याकरण असेल तर जोडीकाम दोन आठवड्यांत बंद पडतं. दोष शिक्षकांचा नाही. विद्यार्थीच म्हणतात, "हे परीक्षेला आहे का?" पूर्ण प्रश्नपत्रिका बदलायला जाऊ नका, ती समितीत अडकते. 10 गुणांचा एक परिच्छेदलेखनाचा प्रश्न घालायची परवानगी मिळवा.

60 विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या म्हणजे 180 परिच्छेद तपासायचे, याची भीती रास्त आहे. म्हणून आधी एकत्र बसा: 10 जुन्या उत्तरपत्रिका, प्रत्येक दोघांनी स्वतंत्र तपासायची. आशय 4, मांडणी 3, भाषा 3. दोघांत 2 पेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तो कोणत्या रकान्यात पडला ते बघा. बहुधा भाषेत पडतो, कारण एक जण प्रत्येक चूक मोजतो आणि दुसरा अर्थ कळला की सोडून देतो. हे एकदा बोलून ठरलं की एका परिच्छेदाला दीड-दोन मिनिटं पुरतात.

## टप्पा 8: सोपवणं (आठवडे 14 ते 16)

या आठवड्यांत तुम्ही कोणतंही सत्र घेऊ नका. चार सूत्रधारांपैकी दोघांनी एक सत्र घ्यायचं, तुम्ही मागे बसायचं. ते अडखळले तरी उठू नका. तुम्ही एकदा उठलात की पुढच्या वेळी सगळे तुमच्याकडेच बघतील.

शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहायचे, प्रत्येकी एक. टप्पा 2 मधला 25 चौकोनांचा कागद आता त्यांच्या हाती द्या. कागद ज्याचा वर्ग पाहिला त्याच्याकडेच राहील, विभागप्रमुखांकडे जाणार नाही, हे आधी सर्वांसमोर विभागप्रमुखांच्याच तोंडून वदवून घ्या. हा कागद पगारवाढीच्या फाइलमध्ये गेला, तर पुढच्या सत्रात कुणी कुणाला वर्गात घेणार नाही.

प्रमाणपत्रावर तिन्ही नावं हवीत: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. रोमन लिपीत एकच नाव चार प्रकारे लिहिलं जातं, म्हणून प्रत्येकाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि छापण्याआधी यादी भिंतीवर दोन दिवस लावा. तारीख दोन्ही कॅलेंडरांत, आणि शिक्का.

केंद्राच्या कपाटात एक जाड फाइल ठेवा: प्रत्येक सत्राचं दोन पानी टाचण, शिक्षकांनी स्वतः बनवलेली टाचणं, गुणदानाचे रकाने, कोऱ्या चौकोनांचे 50 कागद. तेच पेन ड्राइव्हवर, दोन प्रती, दोन वेगळ्या माणसांकडे. पुढच्या सत्राच्या पहिल्या बैठकीची तारीख, वेळ आणि ती घेणाऱ्या दोघांची नावं फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. वेळेपुढे 'स्थानिक' लिहायला विसरू नका.